पुठ्ठ्याचे बीजगणित

आज पुठ्ठा, कातरी आणि एक जुनं समीकरण. तत्त्वज्ञानाच्या माणसानं गणिताच्या शिक्षकांपुढे बोलावं हे जरा धाडसाचंच. पण प्रश्न आमच्याही प्रांतातला आहे. जे अजून माहीत नाही, ते मुलांच्या हातात कसं द्यायचं?

समीकरण असं: क्षचा वर्ग अधिक १० क्ष बरोबर ३९. नवव्या शतकात बगदादमध्ये अल ख्वारिझ्मी यांनी ते आकृती काढून सोडवलं. आपल्या दहावीतली पूर्ण वर्ग पद्धत ती हीच.

करायचं काय? निळ्या पुठ्ठ्याचा ७.३ सेंमी बाजूचा चौरस कापा. तो क्षचा वर्ग. तेवढ्याच लांबीच्या, २ सेंमी रुंद १० निळ्या पट्ट्या. प्रत्येक पट्टी एक क्ष. शिवाय २ सेंमी बाजूचे पिवळे चौरस, म्हणजे एकक. ते ८९ लागतात. कापायचं काम मुलांवरच सोपवा.

७.३ च का? आमचा सगळा भर यावरच आहे. ६ सेंमीची पट्टी घेतली की तिच्यावर तीन पिवळे चौरस नेमके बसतात. मूल मोजतं, ‘तीन’ म्हणतं आणि मोकळं होतं! समीकरण बाजूलाच. ७.३ वर तीन ठेवले तर जागा उरते, चार ठेवले तर बाहेर येतात. मोजणं सुटतं, मग विचार करावा लागतो.

आता निळा चौरस बाकावर ठेवा. पाच पट्ट्या त्याच्या उजवीकडे, पाच खाली. कोपऱ्यात जागा रिकामी राहते. ती पाच बाय पाच, म्हणजे २५ पिवळ्या चौरसांनी भरते. दुसऱ्या बाकावर ३९ पिवळे आहेतच. इकडे २५ वाढवले, तर तिकडेही २५ वाढवायला हवेत. झाले ६४. ते मुलांनाच रचू द्या. आठ बाय आठचा चौरस होतो. एका चौरसाची बाजू क्ष अधिक ५, दुसऱ्याची ८. म्हणून क्ष ३.

इथे एखादं चौकस मूल हमखास विचारतं, “सर, पण हे दोन चौरस सारखे कुठे आहेत?” नाहीतच! पहिला १७.३ सेंमीचा, दुसरा १६ चा. या मुलाला गप्प बसवू नका हो, वर्गातला सगळ्यात मोलाचा प्रश्न त्यानं विचारलाय. पट्टीची लांबी म्हणजे क्षची किंमत नव्हे; पट्टी क्षच्या जागी उभी आहे. नाटकात महाराज झालेल्या नटाची उंची आपण मोजत बसत नाही. भास्कराचार्य तर अज्ञात राशींना यावत्तावत्, आणि पुढे कालक, नीलक, पीतक अशी रंगांचीच नावं देतात. रंगानं ओळख पटते, माप कळत नाही. म्हणून आम्ही पुठ्ठाही रंगीत घ्यायला सांगतो.

राहिलं दुसरं उत्तर, उणे १३. पडताळून बघा: १६९ वजा १३०, बरोबर ३९. पुठ्ठ्यात मात्र ते कुठेच नाही, कारण उणे लांबीची पट्टी कापता येत नाही. अल ख्वारिझ्मी यांनीही धन उत्तरच दिलं. काही शिक्षक उणे संख्येसाठी लाल पट्ट्या करतात. या समीकरणापुरतं तरी आम्हाला ते पटत नाही. उणे १३ सांगायचं ते पुठ्ठे पिशवीत भरून झाल्यावर, वही उघडून.