जवळ म्हणजे किती जवळ?

फोनवर ‘जवळचा दवाखाना’ असे टाइप केले की क्षणात यादी समोर येते. पहिल्या ओळीत ८०० मीटर, दुसऱ्या ओळीत सव्वा किलोमीटर. हे उत्तर इतके अंगवळणी पडले आहे की त्यामागे काही अवघड प्रश्न असेल, असे वाटतही नाही. पण संगणकाला ‘जवळ’ ही कल्पना मुळात कळत नाही. त्याला कळते ते लहान-मोठे आणि आधी-नंतर. आडनावांची यादी तो अकारविल्हे लावतो आणि ‘जोशी’ चटकन काढून देतो, कारण आडनावे एका रांगेत उभी राहू शकतात. जागा तशा राहत नाहीत. गावांची रांग अक्षांशाप्रमाणे लावली तर अलिबागच्या शेजारी तेलंगणातले निजामाबाद येऊन बसते. रेखांशाप्रमाणे लावली तर तिसरीच गावे शेजारी होतात.

मग एकेका दवाखान्याचे अंतर मोजून पाहायचे का? शंभर दवाखाने असतील तर चालेल. देशभरातल्या लाखो नोंदी असतील आणि एकाच वेळी हजारो लोक विचारत असतील, तर नाही चालणार.

यावरचा तोडगा १९८४ मध्ये अँटोनिन गटमन यांनी मांडला. त्याचे नाव ‘आर-ट्री’. कल्पना साधी आहे. कोणत्याही वेड्यावाकड्या आकाराभोवती त्याला पुरता सामावणारी सरळ चौकट काढायची. जवळजवळच्या चौकटींभोवती आणखी मोठी चौकट, त्यांच्याभोवती त्याहून मोठी. शोधताना मोठ्या चौकटीपासून सुरुवात करायची. आपली जागा तिच्यात बसत नसेल, तर आतले सगळे न बघता सोडून द्यायचे.

चौकट मात्र लबाड असते. महाराष्ट्राभोवती अशी चौकट काढली तर तिच्यात सुरत येते आणि चक्क हैदराबादही येते. म्हणून शोध दोन टप्प्यांत चालतो. आधी चौकटीने ढोबळ चाळणी, मग उरलेल्या मोजक्या नोंदींवर खरे, वेळखाऊ गणित. नकाशावरचा जवळपास प्रत्येक शोध आजही याच पद्धतीने चालतो.

ही पद्धत कोणालाही फुकट वापरता येईल अशा रूपात आणण्याच्या कामात मोठा वाटा आहे तो कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्हिक्टोरिया शहरातल्या ‘रिफ्रॅक्शन्स रिसर्च’ या लहानशा सल्लागार कंपनीचा. पॉल रॅम्झी आणि डेव्ह ब्लास्बी ही त्यातली दोन ठळक नावे. नकाशांच्या माहितीवर काम करणे हा कंपनीचा व्यवसाय. अशी माहिती साठवण्याची सोय ओरॅकलसारख्या व्यावसायिक डेटाबेसमध्ये होती, पण तिचा परवाना विकत घ्यावा लागे. ‘पोस्टग्रेस’ हा डेटाबेस मुक्त होता. त्याला बिंदू, रेषा, बहुभुज हे आकार माहीतही होते. मात्र त्याच्या एका ओळीत जेमतेम आठ किलोबाइट माहिती मावत असे.

आठ किलोबाइट म्हणजे किती, याचा हिशेब करून पाहावा. एका बिंदूचे दोन आकडे ठेवायला सोळा बाइट लागतात. म्हणजे एका आकारात पाचशेच्या आसपास बिंदू. शेताच्या बांधाला तेवढे पुरतात. खाड्या-खाजणांनी कातरलेल्या किनाऱ्याला कसे पुरणार? एप्रिल २००१ मध्ये पोस्टग्रेसची ७.१ ही आवृत्ती आली आणि ही मर्यादा गेली. पुढच्याच महिन्यात, मे २००१ मध्ये, पोस्टग्रेसला जोडायची पुरवणी म्हणून ‘पोस्टजीआयएस’ची पहिली आवृत्ती बाहेर पडली. क्रमांक ०.१.

त्या ०.१ मध्ये काय होते? आकार साठवण्याची सोय, शोधासाठी सूची आणि मूठभर सूत्रे. बस. माहिती ठेवता यायची, काढता यायची. तिचे विश्लेषण करायला ती अपुरी होती. मला यातला हा भाग सर्वांत शहाणपणाचा वाटतो. ‘सगळे जमल्यावरच बाहेर काढू’ म्हणणारे प्रकल्प बहुधा घरातच म्हातारे होतात.

जे घेतले होते ते मात्र पक्के असावे लागते. पोस्टग्रेसच्या आपल्या आर-ट्री सूचीत त्या वेळी दोन अडचणी होत्या. जागेचा रकाना कोरा असलेली नोंद तिला चालत नसे आणि आठ किलोबाइटहून मोठा आकार पेलत नसे. आता दवाखान्यांची कोणतीही खरी यादी घ्या. पत्ता आहे पण नकाशावरचे स्थान भरलेले नाही, अशा नोंदी तिच्यात निघणारच. त्यामुळे पोस्टजीआयएसने भर दिला तो ‘जिस्ट’ नावाच्या अधिक लवचीक रचनेवर. ती कोऱ्या नोंदी सांभाळते आणि सूचीत अख्ख्या आकाराऐवजी फक्त त्याची चौकट ठेवू देते.

दुसरी गोष्ट क्रमाची. आपण बोलताना आधी अक्षांश सांगतो, मग रेखांश. पोस्टजीआयएसने स्वीकारलेल्या लेखनपद्धतीत आडवा आकडा आधी येतो, म्हणजे आधी रेखांश. पुणे साधारण १८.५ उत्तर, ७३.९ पूर्व. हे आकडे उलटे भरले गेले तर पुण्यातला दवाखाना नॉर्वेच्या उत्तरेला थंडगार समुद्रात जाऊन पडतो. संगणक तक्रार करत नाही, कारण तीही पृथ्वीवरचीच जागा आहे. असली चूक प्रोग्रामने पकडावी ही अपेक्षा व्यर्थ. ती माहितीपुस्तिकेत ठळकपणे लिहावी लागते आणि माहितीपुस्तिका नेमकी कोणालाच लिहायची नसते.

तिसरी गोष्ट परवाना. पोस्टजीआयएस ‘जीपीएल’ परवान्याखाली दिले गेले. कोणीही वापरावे, बदलावे. बदललेले दुसऱ्याला दिले तर त्याचा स्रोतही खुला ठेवावा. पहिल्या आवृत्तीच्या वेळी घेतलेला हा निर्णय नंतर फिरवणे फार कठीण असते, कारण तोवर दहा जणांचे हात कामाला लागलेले असतात.

गंमत म्हणजे ज्या प्रश्नाने आपण सुरुवात केली, ‘सर्वांत जवळचे कोणते?’, त्याचे सरळ उत्तर ०.१ कडे नव्हते. चौकट किती मोठी धरायची हे विचारणाऱ्याने स्वतःच लिहायचे. फार लहान धरली तर एकही दवाखाना सापडायचा नाही, फार मोठी धरली तर शोध रेंगाळायचा. आणि अंतर अंशांत यायचे. उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर; पूर्व-पश्चिम एक अंश पुण्याजवळ साधारण १०५ किलोमीटर, तर ऑस्लोच्या अक्षांशावर त्याच्या जवळपास निम्मा. गोल पृथ्वी धरून मीटरमध्ये उत्तर देणारा ‘जिऑग्राफी’ हा वेगळा प्रकार २०१० मध्ये आला. सूचीतून थेट ‘सर्वांत जवळचे’ मागायची सोय २०१२ मध्ये आली, तीही चौकटींमधल्या अंतरावर. खऱ्या आकारांमधल्या अंतरासाठी २०१५ उजाडले. पहिल्या आवृत्तीपासून चौदा वर्षे!

आज ऑस्लो विद्यापीठात तयार झालेली ‘डीएचआयएस२’ ही प्रणाली अनेक देशांची आरोग्य खाती वापरतात. कोणत्या केंद्रात किती लसीकरण झाले, कुठे हिवताप वाढतो आहे, अशा नोंदी तिच्यात असतात. तिच्या पोटात पोस्टग्रेस आणि पोस्टजीआयएस आहे. गरीब देशाच्या आरोग्य खात्याला त्यासाठी परवान्याचे पैसे द्यावे लागत नाहीत.

आणि तरीही हे अंतर सरळ रेषेतले आहे. दापोली तालुक्यातले दाभोळ आणि गुहागर तालुक्यातले धोपावे वाशिष्ठीच्या खाडीवर समोरासमोर आहेत. सरळ रेषेत अगदी जवळ. फेरीबोट बंद असताना साप चावलेल्या माणसाला पलीकडे न्यायचे तर गाडीला खाडीला वळसा घालून कित्येक पट अंतर कापावे लागते. रस्त्याने जवळ काय, हे सांगण्यासाठी ‘पीजीरूटिंग’ ही आणखी एक मुक्त पुरवणी पोस्टजीआयएसवर बसवावी लागते. लंडनच्या सोहो भागात १८५४ मध्ये पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांच्यासमोर हाच प्रश्न होता. ब्रॉड स्ट्रीटचा पंप कोणाला चालत जायला सर्वांत जवळचा, हे दाखवणारी तुटक रेषा त्यांच्या १८५५ सालच्या नकाशावर आहे. ती सरळ अंतरावरून नव्हे, तर गल्ल्यांमधल्या वाटेवरून काढलेली आहे.