नंबर गाडीचा, नाव कुणाचं?

जुलै २००७ मध्ये उत्तरेतल्या एका गृहस्थांनी आपली मोटार विकली. पैसे घेतले, किल्ली दिली, विषय संपला. घेणाऱ्याने ती पुढे विकली, त्यानेही पुढे विकली. असं करत गाडी चार हात फिरली. मे २००९ मध्ये ती मागे घेताना अपघात झाला. एकाचा जीव गेला, एक बाई जखमी झाली. भरपाईचा दावा उभा राहिला तेव्हा लक्षात आलं, की मधल्या कुणीच गाडी आपल्या नावावर करून घेतलेली नाही. नोंदवहीत अजून पहिल्याच गृहस्थांचं नाव होतं. दावा चढत चढत सर्वोच्च न्यायालयात गेला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये निकाल लागला: भरपाई नोंदणीकृत मालकाने द्यायची. अपघाताच्या वेळी गाडी त्याच्या दारात नसून जवळपास दोन वर्षं झाली होती, तरीही.

निकाल कठोर वाटतो, पण न्यायालयाचं म्हणणं समजून घेण्यासारखं आहे. मोटार वाहन कायद्याच्या दुसऱ्या कलमात ‘मालक’ म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो, अशी व्याख्याच आहे. अपघातात हातपाय गमावलेल्या माणसाने गाडी कुणी कुणाला कधी विकली याचा माग काढत गावोगाव फिरायचं का? त्याच्या डोळ्यांसमोर फक्त नंबर असतो. त्या नंबरावरून एक नाव निघालं पाहिजे आणि ते नाव उत्तरदायी असलं पाहिजे. नोंदणीचा सगळा खटाटोप एवढ्यासाठीच आहे.

आपल्याकडे हे कळतं सगळ्यांना, पण वळत नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात टीटी फॉर्मवर कोऱ्या सह्या घेऊन ठेवण्याची पद्धत इतकी रुळलेली आहे, की विकणाऱ्याला तीच रीतसर प्रक्रिया वाटते. टीटी फॉर्म म्हणजे नमुना २९ आणि ३०. पहिला विकणाऱ्याने ‘मी गाडी दिली’ म्हणून द्यायची खबर, दुसरा नाव बदलण्यासाठीचा अर्ज. दोन्हींवर सही घेतली जाते, खरेदीदाराच्या नावाची जागा मोकळी राहते आणि ते कागद एजंटाच्या ड्रॉवरमध्ये जातात. पुढचा खरेदीदार मिळेपर्यंत गाडी कुणाच्याच नावावर चढत नाही. मधल्या व्यवहाराची फी वाचते, शिवाय कागदोपत्री मालकांची संख्याही वाढत नाही. फायदा दलालाचा, जोखीम विकणाऱ्याची. ई-चलानचे मेसेज त्याच्याच मोबाइलवर येत राहतात, ही त्यातली सगळ्यांत सौम्य शिक्षा.

कायद्याचं कलम ५० सांगतं, की गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. परराज्यात विकली तर ना-हरकत प्रमाणपत्रासह ४५ दिवस. गाडीवर कर्ज असेल तर त्याआधी बोजा उतरवावा लागतो. हप्ते फिटले म्हणजे बोजा उतरला, असा अनेकांचा समज असतो. तसं नसतं. बँकेचं पत्र आणि नमुना ३५ घेऊन आरसीवरून, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरून, बँकेचं नाव काढून घ्यावं लागतं. ते न केल्याने कर्ज फिटून कैक वर्षं झालेल्या गाड्यांचे सौदे अडतात; मधल्या काळात ती वित्तसंस्थाच दुसरीत विलीन झाली असेल तर आणखी पळापळ.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने नियम बदलले आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना परिवहन खात्याकडून अधिकृत होण्याची सोय झाली. अशा विक्रेत्याला गाडी दिली आणि त्याची ऑनलाइन खबर दिली, की पुढचं गिऱ्हाईक मिळेपर्यंत तोच मानीव मालक धरला जातो. ड्रॉवरमधल्या कोऱ्या सह्यांवर हा खरा उतारा आहे. विकणाऱ्याने एवढंच विचारायचं: तुमच्याकडे अधिकृतता प्रमाणपत्र आहे का?

नाव बदलतं, नंबर मात्र गाडी राज्यात राहिली तर बदलत नाही. कोल्हापूरची एमएच-०९ गाडी पुणेकराने घेतली तरी ती मरेपर्यंत ०९च. ‘पासिंग कुठलं?’ या आपल्याकडच्या पहिल्या प्रश्नाचं मूळ इथं आहे. हे आकडे १९८९ च्या नव्या पद्धतीने आले. त्याआधी गोव्याच्या गाड्यांवर जीडीने सुरू होणाऱ्या मालिका असत, गोवा-दमण-दीव एकत्र होते म्हणून. नंतर जीए आलं.

महाराष्ट्राचे आकडे नकाशावर लावून पाहा, गंमत आहे. ०१ ते ०३ मुंबई, ०४ ठाणे, मग कल्याण, रायगड, सिंधुदुर्ग, रत्नागिरी असा कोकण महसूल विभाग ०८ ला संपतो. घाट चढून ०९ कोल्हापूर, १० सांगली, ११ सातारा, १२ पुणे, १३ सोलापूर, १४ पिंपरी-चिंचवड. १५ पासून नाशिक विभाग, २० पासून मराठवाडा, २७ ते ३० अमरावती विभाग, मग ३१ नागपूर आणि त्याचा परिसर. म्हणजे हा राज्याच्या महसुली रचनेचा जवळजवळ हुबेहूब आराखडा. त्यानंतरचे आकडे वाटेल तसे पसरतात, कारण ते पुढे जन्मले. वाशीम, हिंगोली, नंदुरबार हे १९९८-९९ मधले जिल्हे, म्हणून त्यांना ३७, ३८, ३९. बारामतीला ४२, वाशीला ४३, पनवेलला ४६, कराडला ५०. जिल्ह्यांची नावं बदलली तरी आकडे जागचे हलले नाहीत: १६ चं अहिल्यानगर झालं, २० चं छत्रपती संभाजीनगर, २५ चं धाराशिव. उलट राज्यांनी अक्षरं बदलली तेव्हा बराच काळ दोन्ही अक्षरं रस्त्यावर दिसत राहिली. ओडिशाचं ओआर जाऊन ओडी आलं, तेलंगणाचं टीएस मार्च २०२४ मध्ये टीजी झालं.

पासिंगवरून गाव ओळखण्याची ही कला आता हळूहळू निकालात निघेल. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यातल्या कोणत्याही नोंदणी कार्यालयात गाडी नोंदवायची मुभा दिली. एमएच-१२ पाहून चालकाला पुणेरी टोमणा मारावा, तर तो निघायचा परभणीचा.

राज्य ओलांडलं की खरी कटकट. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी नमुना २८ वर ना-हरकत, तिथे नव्याने कर, आणि इथे भरलेल्या एकरकमी कराचा उरलेला भाग परत मागण्याचा अर्ज. महाराष्ट्रात हा कर लहान नाही. खासगी पेट्रोल मोटारीला किमतीनुसार ११ ते १३ टक्के, डिझेलला १३ ते १५, आणि कंपनीच्या नावावर घेतली तर २०. बंगळूरला बदली झालेला मराठी संगणक अभियंता आधी गाडी विकून टाकायचा विचार करतो, ते याच हिशेबामुळे.

त्यावर तोडगा म्हणून सप्टेंबर २०२१ पासून बीएच मालिका आली. सैन्यदलं, केंद्र-राज्य सरकार, सार्वजनिक उपक्रम यांचे कर्मचारी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे नोकरदार तिला पात्र. नंबराची सुरुवात नोंदणीच्या वर्षाने होते, मग बीएच, चार आकडे, शेवटी अक्षरं. कर एकदम पंधरा वर्षांचा न भरता दोन-दोन वर्षांचा, आणि बदली झाली तरी नंबर तोच. योजना चांगली, पण दर दोन वर्षांनी कर भरायची आठवण ठेवणं आपल्या स्वभावात बसत नाही, आणि राज्यांनाही एकरकमी महसूल सोडणं जिवावर येतं.

आता हौसेचा भाग. ऑगस्ट २०२४ मध्ये महाराष्ट्राने पसंतीच्या नंबरांचे दर वाढवले. चारचाकीच्या ०००१ ला राज्यात इतरत्र ५ लाख, मुंबई-पुण्यासारख्या मागणीच्या ठिकाणी ६ लाख. चालू मालिकेबाहेरचा ०००१ मुंबईत हवा असेल तर १८ लाख. एवढ्यात एक बरी मोटार येते, असं म्हणून नाकं मुरडणारे आपण, लग्नाचा मुहूर्त आणि फ्लॅटचा मजला मात्र आकडे जुळवूनच ठरवतो. मला या हौसेबद्दल तक्रार नाही. ज्याला हवंय तो पैसे मोजतो, तिजोरीत भर पडते, कुणाचं नुकसान नाही. त्याच अधिसूचनेत एक महत्त्वाची दुरुस्ती झाली: असा नंबर पती-पत्नी आणि मुलामुलींच्या नावे करता येईल. पूर्वी ती वाट बंद होती. दिल्ली, गुजरात यांसारख्या राज्यांनी जुन्या गाडीचा नंबर त्याच मालकाच्या नव्या गाडीवर घेण्याची सोयही केली आहे.

ही ‘नंबर माझा’ भावना जगात काही ठिकाणी कायद्यानेच मान्य केलेली आहे. ब्रिटनमध्ये खासगी नंबर गाडीवरून उतरवून ८० पौंड भरून प्रमाणपत्राच्या रूपात दहा वर्षं राखून ठेवता येतो, नंतर दुसऱ्या गाडीवर चढवता येतो. अट एकच, त्या नंबरामुळे गाडी आहे त्यापेक्षा नवी भासता कामा नये, कारण तिथल्या नंबरात नोंदणीचं वय दडलेलं असतं. दुबईत नंबर माणसाचाच; एप्रिल २०२३ मध्ये ‘पी ७’ हा नंबर धर्मादाय लिलावात साडेपाच कोटी दिरहमना गेला.

आपल्याकडे पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना तेवढा मान मिळाला. २०२१ च्या नियमांनी त्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी सुरू केली. नव्याने येणाऱ्यांना व्हीए अक्षरांचा नंबर, पण आधीच नोंदलेल्यांना आपला जुना नंबर ठेवता येतो.

बाकीच्यांच्या पाट्यांची हौस मात्र सरकारने मोडली. ८०५५ चं ‘बॉस’ करणारे, आकड्यांना वेलांट्या देऊन दादा-मामा घडवणारे पेंटर हा आपल्या रस्त्यांवरचा एक छोटा कलाप्रकारच होता. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्या उच्च सुरक्षा पाटीसह येतात: अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक, आणि एकदा बसवली की मोडल्याशिवाय न निघणारं कुलूप. त्याआधीच्या गाड्यांनाही महाराष्ट्राने ती सक्तीची केली, दुचाकीला ४५० रुपये अधिक जीएसटी असा दर लावला आणि मग मुदत इतक्या वेळा वाढवली, की लोकांनी घाई करणंच सोडलं. पाटीचा हेतू योग्य आहे. चोरीच्या गाडीवर दुसऱ्याचा नंबर चढवला तर चलान त्या दुसऱ्याला येतं, हे अनेकांनी भोगलंय. फक्त पाटी कितीही मजबूत असली तरी तिच्यामागचं नाव जुनंच असेल तर उपयोग अर्धाच.

हे नाव सर्वाधिक जुनं राहतं ते घरातच. वडील जातात, स्कूटर अंगणात असते, मुलगा ती चालवत राहतो. कायद्याने ३० दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून नाव बदलायचं असतं. वारसांची संमतिपत्रं गोळा करण्यात खरा वेळ जातो. त्यासाठी २०२१ पासून मालकाला हयातीतच आरसीवर नामनिर्देशन करता येतं. बँकेच्या खात्यावर नॉमिनी लावणारी माणसं गाडीला तो लावत नाहीत, कारण ही सोय आहे हेच कुणी सांगत नाही.

विकताना दोन गोष्टी मात्र आपल्या असतात आणि त्या गाडीबरोबर देऊ नयेत. फास्टॅग बंद करावा, नाहीतर नव्या मालकाचा टोल तुमच्या खात्यातून जाईल. आणि विम्यातला ‘नो क्लेम बोनस’ माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. विमा नव्या मालकाकडे जातो, बोनस जात नाही. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेऊन ठेवलं तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या पुढच्या गाडीला तो लागू होतो, आणि गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते.