झाड कोणाचं?

धार जिल्ह्यातल्या मांडवगडावर गेलेल्यांना तिथल्या दुकानांत टांगलेली लांबट, मखमली सालीची फळं आठवत असतील. ही गोरखचिंच, तिथल्या बोलीत खुरासानी इमली. मूळ आफ्रिकेतलं झाड. खोड पोसलेलं, आत पाणी साठवणारं. लाकूड इतकं भुसभुशीत की ना जळणाला, ना बांधकामाला. बहुधा म्हणूनच कुऱ्हाडीपासून वाचलं.

2022 च्या सुमारास मात्र ही जुनी झाडं मुळासकट उपटून हैदराबादजवळच्या एका खासगी बागेत न्यायला सुरुवात झाली आणि गावकरी आडवे आले. पेच असा, की यातली बरीच झाडं शेतात उभी. मध्य प्रदेशच्या 1959 च्या भू-राजस्व संहितेनुसार शेतातलं झाड भूमिस्वामीचंच. पण मालकी म्हणजे वाटेल तेव्हा तोडायची मुभा नव्हे. तोडणीवर नियमांचा लगाम आहे.

हे शेतातलं. धार, देवाससारख्या शहरांत राज्याचा 2001 चा वृक्ष परिरक्षण कायदा लागू होतो. स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. शेजारच्या महाराष्ट्राने तर 2021 मध्ये शहरांतल्या पन्नास वर्षांवरच्या झाडांना 'वारसा वृक्ष' असा वेगळा दर्जा दिला.

तरीही मालकावर नुसतं बंधन लादणं मला अर्धवट वाटतं. झाडासाठी सोडलेल्या जागेच्या बदल्यात बांधकामात थोडी सवलत दिली, तर मालक झाडाच्या बाजूने उभा राहील. नाहीतर झाड कागदावर जगतं आणि बुंध्याभोवती काँक्रीट ओतलं जातं. मुळांवर भराव पडला की पुढच्या काही वर्षांत ते आपोआप वाळतं, मग तोडायची परवानगीही सहज मिळते.