शुश्रूषेची तीन दशके

जर्मनीने १९९५ साली दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा सक्तीचा केला, तेव्हापासूनचा काळ नजरेखालून घातला म्हणजे वार्धक्याचा भार कोणी वाहावा या प्रश्नाला निरनिराळ्या राष्ट्रांनी किती भिन्न उत्तरे दिली हे ध्यानात येते. घरीच राहणाऱ्या परावलंबी वृद्धास तेथे रोख रक्कम मिळते, ती तो सेवा करणाऱ्या नातलगास देऊ शकतो, आणि काही अटींवर त्या नातलगाच्या निवृत्तिवेतनाची वर्गणीही विमानिधीच भरतो. जपानने एप्रिल २००० पासून चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाकडून वर्गणी घेऊन हाच कारभार नगरपालिकांच्या हाती दिला. परंतु रोख रक्कम मात्र समजून-उमजून नाकारली, कारण घरात पैसा आला की सेवेचे जोखड सुनेच्या मानेवर कायमचे बसेल, असा तेथील स्त्रीसंघटनांचा आग्रही आक्षेप होता. तो आक्षेप मला फार दूरदर्शी वाटतो.

आपल्याकडे २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा महाराष्ट्रात १ मार्च २००९ पासून अमलात आला. प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा आणि दरमहा जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा हुकूम मिळवावा, एवढी त्यातील निर्वाहाच्या तरतुदीची धाव. निराधारास हा मोठाच आधार आहे, हे नाकारता येणार नाही. परंतु हुकुमाने पैसा वसूल होतो, माणूस मिळत नाही. कायद्याने मुलगा, मुलगी, नातू व नात यांस जबाबदार धरले, सुनेचे नाव त्यात नाही. आणि डोंबिवलीच्या लिफ्ट नसलेल्या इमारतीत, मुलगा सकाळची लोकल पकडून मुंबईस गेल्यावर, पक्षाघाताने तिसऱ्या मजल्यावर अडकलेल्या सासऱ्यांची पाठ सोलू नये म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलते ती सूनच. किंवा सेविका पुरविणाऱ्या ब्यूरोकडून बारा तासांच्या पाळीवर आलेली मावशी, जिला हे काम कोणी रीतसर शिकविलेले नसते आणि जिच्या आजारपणात तिचा रोज बुडतो. दवाखान्यात न्यायचे झाले तर शेजारची मुले सासऱ्यांना खुर्चीसकट रिक्षापर्यंत उतरवितात.

शुश्रूषेचा असा विमा केंद्र सरकारने करावयाचा, हे खरे. तोवर प्रत्येक प्रभागात अंथरुणास खिळलेल्यांची यादी करणे, मावशींची नोंद ठेवून त्यांना प्रशिक्षण देणे आणि त्यांच्या पाळीचा किमान दर ठरविण्यासाठी शासनाकडे आग्रह धरणे, एवढे तर मालमत्ता कराची देयके घरोघर पोचविणाऱ्या कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेस आजही करता येईल.