घर तेच, देश दुसरा!

‘देश’ नावाची सिस्टीम अनइन्स्टॉल केली तर? सायन्स फिक्शनवाल्यांचा हा लाडका खेळ. नील स्टीफन्सनच्या ‘स्नो क्रॅश’मध्ये (१९९२) सरकार जवळपास संपलंय आणि वसाहती फ्रँचायझीसारख्या चालतात. मल्का ओल्डरच्या ‘इन्फोमॉक्रसी’त (२०१६) एकेक लाख लोकांचे गट आपापलं सरकार निवडतात. रस्ता ओलांडला की कायदा बदलला! हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलेल्या कुणालाही वाटेल, चला, आपणही एक सरकार काढू या.

मी मूळची नांदेडची, आजोळ लातूरचं. आमच्याकडच्या जुन्या माणसांना या कल्पनांचं फारसं नवल वाटू नये. ही मंडळी खरोखरच दुसऱ्या राज्यात राहून आलीयेत, तेही घर न बदलता.

जयंत नारळीकरांची पानिपतावरची कथा आठवते? तिचं इंग्रजी रूप, ‘द अ‍ॅडव्हेंचर’, एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात अनेकांनी वाचलं असेल. पानिपतात मराठे जिंकले असते तर, असा तिचा मामला. त्या जगात इंग्रजांकडे मुंबईसारखे मोजके तुकडेच उरलेत. प्रोफेसर गायतोंडे पुण्याहून मुंबईला निघतात, तर वाटेत सरहद्द लागते आणि गाडीत परवाने तपासले जातात. पुणे-मुंबई प्रवासात परवाना! वाचताना गंमत वाटते.

आता खरी गाडी बघा. बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोचली. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजांच्या हद्दीत. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे निजामाच्या. छोट्याशा नॅरोगेज गाडीतून लातूरकर बार्शीच्या बाजाराला निघाला की राज्य बदलायचं. मालावर करोडगिरी, म्हणजे जकात. पैसेसुद्धा वेगळे! आपला हाली सिक्का, तिकडे कलदार. सहा कलदार रुपयांना साधारण सात हाली. टपाल तिकिटं, रेल्वे, फौज, सगळं निजामाचं स्वतःचं. राज्याच्या पोटातही वेगवेगळे तुकडे होतेच. मोठ्या जहागिरींना स्वतःची कोर्टं, स्वतःचे पोलीस. ‘इन्फोमॉक्रसी’ची गावरान आवृत्तीच म्हणा ना.

फरक एकच, पण सॉलिड मोठा. ओल्डरच्या कादंबरीत लोक सरकार निवडतात. इथे कुणी कुणाला विचारलंच नाही. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर १९३८ मध्ये रीतसर स्थापना होण्याआधीच बंदी आली, ती उठली १९४६ मध्ये. १५ ऑगस्ट १९४७ ला बाकी देशात झेंडे फडकले, तेव्हा निजामाला हैदराबाद स्वतंत्र ठेवायचं होतं. पुढचे तेरा महिने स्वामी रामानंद तीर्थांचे कार्यकर्ते एकीकडे आणि रझाकार दुसरीकडे, असा लढा चालला. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य शिरलं, १७ तारखेला निजाम शरण आला.

आपण दरवर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदन करतो, करायलाच हवं. पण त्यानंतरच्या आठवड्यांत मुसलमान वस्त्यांवर हल्ले झाले. सरकारनेच पाठवलेल्या सुंदरलाल समितीने २७ ते ४० हजार माणसं मेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. सरहद्द पुसली जातानाही माणसं मरतात, हे कादंबऱ्यांत क्वचितच येतं.

पुढे १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. म्हणजे १९४० साली नांदेडच्या एखाद्या वाड्यात जन्मलेल्या माणसाने उंबरा न ओलांडता निजामाचं राज्य, भारतातलं हैदराबाद राज्य, मुंबई राज्य आणि महाराष्ट्र, असे चार पत्ते बघितले.

म्हणून मला वाटतं, देशाला पर्याय सुचवणारी पुस्तकं जरूर वाचावीत. देश ही काही आभाळातून पडलेली वस्तू नाही. ती बदलते, आमच्याकडे बदललीही. फक्त नवीन नकाशा कितीही कूल दिसला, तरी एक प्रश्न विचारायचा. तिथल्या नाक्यावर अडवलेल्या माणसाला ‘हे मला मान्य नाही’ म्हणायची सोय आहे का? नसेल, तर चालवणारा निजाम असो, कंपनी असो की अ‍ॅप, आपल्याला काय फरक पडतो?

आणि घरात पंच्याऐंशीच्या पुढचं कुणी असेल, तर या वीकेण्डला त्यांच्याजवळ जरा बसा. हाली सिक्का आठवतो का, एवढंच विचारा.