माणसाच्या छातीला लागणारा डेंगळा

मध्य आशिया आणि इराणच्या डोंगरउतारांवर कांद्याचा एक भाऊबंद उगवतो. 19व्या शतकात सेंट पीटर्सबर्गचे वनस्पतिशास्त्रज्ञ एदुआर्द रेगेल यांनी त्याला नाव दिलं, ॲलियम जायगँटियम. वसंत सरता सरता त्याच्या पानांतून एक सरळसोट दांडा चढतो, मीटर-दीड मीटर, आणि टोकाला जांभळा गोंडा फुलतो. जवळ जाऊन पाहावं तर ते एक फूल नाहीच! एकाच बिंदूतून निघालेल्या सारख्या लांबीच्या शेकडो देठांवर सहा-सहा पाकळ्यांच्या इवल्या चांदण्या, म्हणून तो इतका गोल. पान चुरगळलं की वास मात्र घरचाच.

रांगडा कांदा घेणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला असा दांडा चांगला माहीत आहे. असे दांडे, म्हणजे डेंगळे, आले की कांदा मधोमध निबर होतो, भाव पडतो. ही करणी थंडीची. कांदा उभा चिरला की बुडाशी एक चकती दिसते. तेच त्याचं खोड. रोप पुरेसं जून झालं आणि काही आठवडे गारठा लागला, की या चकतीवरचा कोंब पानं काढणं थांबवून फुलाचा दांडा घडवायला घेतो. एखाद्या रात्रीच्या कडाक्यानं तो फसत नाही. सुईच्या टोकाएवढा तो कोंब थंडीचा असा हिशेब ठेवतो, याचं मला फार नवल वाटतं.

जायगँटियमलाही हिवाळा हवाच. म्हणून युरोपात त्याचे कंद शरद ऋतूत, वीतभर खोल लावतात. जमीन मात्र निचऱ्याची लागते. त्याच्या मुलुखात वसंतात बर्फ वितळून ओल मिळते आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. फुलतानाच पानं वाळू लागतात, मग कंद झोपी जातो. त्या झोपेत भोवती पाणी साचलं की तो सडलाच! चिकण मातीत म्हणूनच जाडी रेती मिसळतात, वाफा उंच करतात. आपल्या कांदा चाळीत खालून वारा खेळता ठेवतात, तोही याच झोपेसाठी.

महाराष्ट्राच्या पठारावर जायगँटियमला पुरेल एवढी थंडी नाही, आणि कंद झोपतो तेव्हाच पावसाळा. तो इथे टिकायचा नाही. पण बी धरणारे शेतकरी करतात तसा ऑक्टोबर-नोव्हेंबरात एक कांदा कुंडीत लावून पाहा. पांढरा गोंडा येईल. त्यातल्या प्रत्येक फुलाचे पराग आधी झडतात, स्त्रीकेसर नंतर तयार होतो. त्यामुळे बी धरायला मधमाश्यांसारखे कीटक यावेच लागतात.