वजन कमी करायच्या ऑपरेशनआधी दोन आठवडे ‘लिक्विड’वर का ठेवतात? आणि ते दिवस काढायचे कसे?

“तांबडा-पांढरा रस्सा पण पातळच असतो की!”

माझ्या कोल्हापूरच्या मावशीने हे अगदी मनापासून म्हटलं होतं. पुण्यात तिची बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरी, म्हणजे वजन कमी करण्याचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधी १४ दिवस ‘लिक्विड डाएट’ करा म्हणून हॉस्पिटलने हातात एक झेरॉक्स दिली. ती पण इंग्रजीत. मावशीने तिचा साधा अर्थ लावला, चावायचं नाही, फक्त प्यायचं. मग चार दिवस मोसंबीचा ज्यूस, तांदळाची पेज, शहाळं आणि एकदा कोपऱ्यावरचा उसाचा रस. पाचव्या दिवशी आहारतज्ज्ञ बाईंचा फोन आला. त्यांनी काय काय घेतलं ते विचारलं आणि ऑपरेशन आठवडाभर पुढे गेलं.

तिला काय प्यायचं ते सांगितलं होतं, का प्यायचं ते कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून आधी ते ‘का’ बघू.

सगळी भानगड लिव्हरची आहे

हे ऑपरेशन आता बहुतेक वेळा दुर्बिणीतून होतं. पोटाला चार-पाच छोटी छिद्रं पाडतात, एकातून कॅमेरा जातो, बाकीच्यांतून हत्यारं. स्लीव्ह नावाच्या प्रकारात जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्हींत काम जठरावरच असतं.

आणि जठराच्या वर काय असतं? लिव्हरचा डावा भाग. सर्जनला आधी तो उचलून बाजूला धरावा लागतो, तेव्हा कुठे जठराचं वरचं टोक दिसतं. वजन खूप जास्त असलेल्या अनेकांचं लिव्हर चरबीने फुगलेलं असतं, ज्याला आपण ‘फॅटी लिव्हर’ म्हणतो. असं लिव्हर मोठं, जड आणि नाजूक असतं. उचलताना फाटलं तर रक्तस्राव होतो. मागचं दिसलंच नाही तर दुर्बीण सोडून पोट उघडावं लागतं, किंवा ऑपरेशन तिथेच थांबवावं लागतं. म्हणजे या दोन आठवड्यांचा हेतू वजनकाट्यावरचा आकडा नाहीये. लिव्हर लहान करणं हा आहे.

ते लहान कसं होतं? आपण खाल्लेला भात, पोळी, साखर यातली जास्तीची ऊर्जा लिव्हर ग्लायकोजेन या रूपात साठवतं, आणि दर १ ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. पिष्टमय पदार्थ बंद केले की आधी हा साठा पाण्यासकट संपतो. मग शरीर लिव्हरमधल्या चरबीला हात घालतं. (पहिल्या तीन-चार दिवसांत काटा झपकन खाली येतो तो मुख्यतः या पाण्यामुळे. लगेच फॅमिली ग्रुपवर फोटो टाकू नका.)

२००६ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ३२ जणांना १२ आठवडे अत्यंत कमी कॅलरीच्या आहारावर ठेवून त्यांची लिव्हर स्कॅनवर मोजली. सरासरी १८.७ टक्के घट झाली आणि त्यातली जवळपास ८० टक्के घट पहिल्या दोन आठवड्यांतच झाली होती. दोन आठवडे हा आकडा असा जमतो. तरी सगळीकडे एकच नियम नाही. कुणी एक आठवडा सांगतं, लिव्हर फारच मोठं असेल तर कुणी चार. शेजारच्या काकांना किती दिवस सांगितले होते त्यावरून आपले दिवस ठरवू नका.

२०१७ मध्ये इजिप्तहून साधारण ५०० किलो वजनाची एक महिला उपचारासाठी मुंबईत आली होती, ते आठवत असेल. तिलाही विमानतळावरून थेट ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं नव्हतं. फेब्रुवारीत ती आली, खास द्रव आहारावर राहिली आणि ऑपरेशन झालं मार्चमध्ये.

पातळ आहे म्हणून चालतं असं नाही

आता मावशीच्या यादीकडे पुन्हा बघा. मोसंबीचा ज्यूस म्हणजे साखर. उसाचा रस म्हणजे तर साखरच, एका ग्लासात २५ ग्रॅमच्या वर सहज. तांदळाची पेज, नाचणीची आंबील, साबुदाण्याची खीर हे सगळं पिष्ट. शहाळ्यातही थोडी का होईना साखर असतेच. म्हणजे चार दिवस उपाशी राहिल्यासारखं वाटलं, पण लिव्हरचा साठा रोज भरला जात होता. आपल्या उपवासाचं होतं तसंच, एकादशी अन् दुप्पट खाशी. आणि हो, रस्सासुद्धा नाही. पांढऱ्यात नारळाचं दूध, तांबड्यावर तेलाचा तवंग.

मग चालतं काय? डॉक्टरांनी ठरवून दिलेला प्रोटीन शेक हा मुख्य आहार. जोडीला साय काढलेलं दूध, बिनसाखरेचं ताक, गाळलेलं भाज्यांचं किंवा चिकनचं सूप, लिंबू-मीठ-पाणी, कोरा चहा. दिवसभरात साधारण ८०० ते १००० कॅलरी आणि प्रोटीन ६० ते ८० ग्रॅमच्या आसपास, असं गणित बऱ्याच ठिकाणी असतं. प्रोटीन यासाठी की शरीराने चरबी जाळावी, स्नायू नाही. आपल्याकडे ‘वरणाचं पाणी म्हणजे ताकद’ असा ठाम समज आहे. पण वरच्या पाण्यात प्रोटीन फार थोडं, डाळ खालीच राहते. व्हे पावडरच्या एका स्कूपमध्ये साधारण २० ते २५ ग्रॅम प्रोटीन असतं. तितकं वरणाच्या पाण्यातून मिळवायला पातेलंच तोंडाला लावावं लागेल.

पहिले चार दिवस

सगळ्यात वाईट हेच. डोकं दुखतं, चिडचिड होते, गळून गेल्यासारखं वाटतं, तोंडाला वेगळाच वास येतो. हा वास चरबी जळताना तयार होणाऱ्या कीटोन्सचा. डोकेदुखीचं एक कारण मात्र आपणच तयार करतो. दिवसाला पाच कप चहा पिणारा माणूस एका सकाळी एकदम सगळं सोडतो. त्यापेक्षा आठवडाभर आधीपासून चहा आणि त्यातली साखर कमी करत आणा.

दुसरा त्रास गोडाचा. व्हॅनिला आणि चॉकलेटच्या शेकने तिसऱ्या दिवशी मळमळायला लागतं. मावशीला वाचवलं ते जिरं-हिंग घातलेल्या ताकाने आणि मिरपूड टाकलेल्या गरम सुपाने. बिनचवीची पावडर मिळते, ती सुपात घालता येते. पण उकळत्या सुपात टाकली की गुठळ्या होतात. आधी कोमट पाण्यात कालवा, मग मिसळा. शेक एका दमात संपवू नका, तासभर पुरवा. पुढे ऑपरेशननंतर घोट-घोटच प्यायचं आहे, ती सवय इथेच लागते. फायबर जवळजवळ नसल्याने पोट साफ होत नाही. पाणी भरपूर प्या, आणि इसबगोल घेऊ का ते डॉक्टरांना विचारून घ्या.

घरात स्वयंपाक करणारी व्यक्तीच डाएटवर असेल तर हे सगळं दुप्पट अवघड. मावशी सकाळी सगळ्यांच्या पोळ्या लाटायची आणि स्वतः शेक प्यायची. चव बघताना एक चमचा आमटी, डब्यातला उरलेला अर्धा घास, असं नकळत पोटात जायचं. दुसऱ्या खेपेला काकांनी आणि मुलाने पंधरा दिवस स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. भाजी करपली दोनदा, पण जमलं. डाएट सुरू व्हायच्या आदल्या दिवशी निरोपाचं मटण करायची पद्धत आहे, तीही टाळलेली बरी. दुसरा दिवस आणखी जड जातो.

शुगर, बीपीची गोळी चालू असेल तर हे नक्की वाचा

खाणं एकदम निम्म्याहून कमी झालं आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी जुन्याच डोसमध्ये चालू राहिली तर शुगर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. हात थरथरणं, घाम, भोवळ ही तिची लक्षणं. अशा वेळी डाएट मोडलं तरी चालेल, आधी साखर खा, मग डॉक्टरांना फोन. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचा धोका वेगळा आहे. कमी पिष्टाच्या आहारात त्यांच्यामुळे शुगर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात घातक प्रमाणात आम्ल साठू शकतं. ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी त्या थांबवतात, आणि या डाएटच्या काळात चालू ठेवायच्या का, हे डॉक्टरांनी ठरवायचं. बीपीच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचंही तसंच. डोस आपल्या मनाने बदलू नका, पण पहिला शेक प्यायच्या आधी गोळ्यांची पूर्ण चिठ्ठी डॉक्टरांसमोर ठेवा.

आणि मध्येच मोडलं तर? लग्नात जिलेबी खाल्ली, रात्री फ्रिज उघडला, होतं असं. पुढच्या शेकपासून पुन्हा सुरू करा आणि डॉक्टरांना सांगून टाका. तुम्ही लपवलंत तरी कॅमेरा आत गेल्यावर त्यांना लिव्हर दिसणारच आहे. फरक इतकाच की तोपर्यंत तुम्हाला भूल दिलेली असते.

मावशीने दुसऱ्या खेपेला मराठीत कागद लिहून घेतला आणि फ्रिजवर चिकटवला. ऑपरेशन व्यवस्थित झालं. शुद्धीवर आल्यावर आता तरी खायला मिळेल असं तिला वाटत होतं. नर्सने ३० मिलीचा इवलासा कप पुढे केला. पाण्याचा. पुढचे दोन आठवडे पुन्हा लिक्विडच होतं.